तान्ह्या बाळाचा श्वास

घरात नवे बाळ आले की पहिले काही आठवडे त्या घराची झोप उडते. ती बाळाच्या रडण्याने उडते असे आपण म्हणतो. पण खरे सांगायचे तर रडणाऱ्या बाळाला कोणी फारसे भीत नाही. भीती वाटते ती निजलेल्या बाळाची. रात्री दोनचा सुमार असतो. सारे घर सामसूम असते. बाळाची आई अर्धवट झोपेत कान देऊन ऐकत असते. बाळाचा श्वास चाललेला असतो, भराभर, उथळ, हातात धरलेल्या चिमणीची छाती धडधडावी तसा. आणि एकाएकी तो थांबतो. एक, दोन, तीन, चार, पाच... आई उठून बसते, दिवा लावते, बाळाच्या नाकाशी बोट धरते. तेवढ्यात बाळ एक लांब श्वास घेते आणि पुन्हा भराभर सुरू होते. बाळाला पत्ताच नसतो. आई मात्र पहाटेपर्यंत जागी.

"डॉक्टर, आमच्या बाळाला धाप लागते का हो? आणि मधूनच त्याचा श्वास बंद पडतो!" हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची मोजदाद ठेवलेली नाही. बहुतेक वेळा माझे उत्तर एकच असते : बाळ ठणठणीत आहे, तुम्ही जरा निजा. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. उरलेल्या थोड्या वेळी हाच भरभर चालणारा श्वास मोठ्या संकटाची पहिली वर्दी असतो. तेव्हा साधे कोणते आणि संकटाचे कोणते, हे घरातल्या माणसांना ओळखता आले पाहिजे. आजचे बोलणे त्यासाठीच आहे.

सुरुवात आपण मोठ्या माणसापासून करू. घरात कोणी दुपारची वामकुक्षी घेत असेल, तर घड्याळ घेऊन त्याच्याजवळ बसा. त्याला सांगू मात्र नका. कारण कोणी मोजते आहे असे कळले की माणसाचा श्वास लगेच बदलतो. निरोगी मोठा माणूस स्वस्थ असताना मिनिटाला सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. आता पाळण्याशी या. शांत निजलेले नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेते. म्हणजे मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट. मोठ्या माणसाचा श्वास पन्नासावर गेला तर आपण धावाधाव करू. बाळाच्या बाबतीत तो त्याचा रोजचा हिशेब आहे.

असे का? एक कारण असे की बाळाच्या शरीराची भट्टी जोरात पेटलेली असते. त्याला वाढायचे असते, अंग ऊबदार ठेवायचे असते. वजनाच्या मानाने पाहिले तर बाळाला मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो. मग बाळ दुप्पट मोठा श्वास का घेत नाही? मौज इथेच आहे. तीन किलोचे बाळ एका श्वासात अंदाजे २० मिलिलिटर हवा आत घेते, म्हणजे औषधाचे चार चमचे. मोठा माणूस घेतो अर्धा लिटर. ऐकायला फार अंतर वाटते; पण दर किलो वजनाला हिशेब केला तर माप जवळजवळ सारखेच निघते. गरज दुप्पट आणि माप तेवढेच. तेव्हा खेपा वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. लहान घागरीने पाणी भरणाऱ्याला विहिरीवर जास्त फेऱ्या माराव्याच लागतात.

आता तुम्ही विचाराल, गरज पडली तर बाळाने घागर थोडी मोठी का करू नये? त्याचे उत्तर बाळाच्या फासळ्यांत आहे. आपल्या फासळ्या पाठीच्या कण्यापासून निघून पुढे तिरप्या खाली उतरतात, बादलीची कडी एका बाजूला कललेली असावी तशा. आपण खोल श्वास घेतो तेव्हा ही कडी वर उचलली जाते आणि छातीचा पिंजरा पुढे नि बाजूला रुंदावतो. तान्ह्या बाळाच्या फासळ्या मुळातच आडव्या असतात. कडी आधीच वर असल्यावर आणखी उचलणार किती? त्यात त्या फासळ्या पुष्कळशा मऊ कूर्चेच्या असतात. म्हणून बाळाच्या श्वासाचा जवळजवळ सारा भार एकट्या श्वासपटलावर पडतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये ताणलेला हा स्नायूचा पडदा खाली सरकला की फुप्फुसांना जागा होते आणि पोटातले अवयव पुढे ढकलले जातात. म्हणून बाळाचे पोट श्वासागणिक वरखाली होते. 'पोट उडतंय' असे आपल्या बायका म्हणतात ते हेच. मात्र निरोगी बाळाचे पोट हळुवार हलते आणि आजारी बाळाचे जोराने उडते, हा फरक पुढे ध्यानात घ्यायचा आहे. मूल बसू लागते, उभे राहू लागते, तसतशा फासळ्या हळूहळू तिरप्या होतात आणि छातीही श्वासात आपला वाटा उचलू लागते.

इथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगतात, 'तान्ह्या बाळाकडे पाहा. ते पोटाने श्वास घेते. तोच खरा नैसर्गिक श्वास. मोठेपणी आपण तो विसरलो.' ऐकायला हे गोड आहे. मोठ्या माणसाचेही श्वासपटल हाच श्वासाचा मुख्य स्नायू आहे, आणि सावकाश, स्वस्थ श्वासाने मनाला बरे वाटते, हेही खरे. पण बाळ पोटाने श्वास घेते ते काही शहाणपणाने नव्हे. त्याच्यापाशी दुसरा मार्गच नाही म्हणून. आणि श्वासात बाळाचा कित्ता गिरवायचा तर मग मिनिटाला चाळीस श्वास घ्यावे लागतील, मधून मधून दहा सेकंद थांबावे लागेल! निरोगी मोठ्या माणसाचा श्वास सावकाश, बेताचा आणि एकसारखा असतो. बाळाचा भराभर, उथळ आणि अनियमित असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

बाळाच्या नाकाकडेही जरा पाहू. आपले नाक चोंदले की आपण तोंड उघडतो आणि मोकळे होतो. पहिले काही महिने बाळाला हे नीट जमत नाही. त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि स्वरयंत्र घशात बरेच वर, जिभेच्या मागेच बसलेले असते. ही रचना दूध पिण्याला सोयीची आहे : चोखणे, गिळणे, श्वास घेणे, पुन्हा चोखणे, असा ताल बाळ अचूक सांभाळते. पुढे वय वाढते तसे स्वरयंत्र खाली उतरते. त्यामुळे आपल्याला बोलता येते, आणि त्याची किंमत म्हणून जेवताना ठसकाही लागतो. पण तोवर बाळाची भिस्त नाकावर. म्हणून साध्या पडशातही बाळ दूध ओढते, सोडते, रडते, पुन्हा ओढते. भूक नाही म्हणून नव्हे. श्वास घ्यावा की दूध, अशा पेचात ते सापडलेले असते. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्याआधी नाकात घालून नाक हलकेच पुसून घेतले, की पुष्कळदा काम भागते.

नाकाच्या आत तर आणखी अरुंद वाट आहे. नवजात बाळाची श्वासनलिका सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते, आपल्या शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक. एकोणिसाव्या शतकात प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम शोधून काढला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर वाहण्याला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो! शांतपणे वाहणाऱ्या हवेलाही हाच हिशेब लागू पडतो. आता समजा, सर्दीने आतल्या अस्तराला सगळीकडून एकच मिलिमीटर सूज आली. बाळाची ४ मिलिमीटरची वाट २ मिलिमीटरची झाली, अडथळा सोळापट. मोठ्या माणसाची १६ मिलिमीटरची वाट तेवढ्याच सुजेने १४ ची होते. अडथळा पावणेदोन पटही होत नाही. म्हणून आपल्याला जी सर्दी 'जरा नाक गळतंय' एवढीच वाटते, तीच घरातल्या तान्ह्याला दवाखान्यात पोचवते. सर्दी झालेल्या काका-मावश्यांनी बाळाचे कौतुक चार दिवस लांबून करावे, यात अपमान मानू नये.

आणि आजीबाई, तुम्हांला हात जोडून दोन-तीन गोष्टी सांगतो. रागावू नका. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची, बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची आपली जुनी चाल आहे. ऊब हवी हे खरे. पण धूर त्या चार मिलिमीटरच्या वाटेत जातो. ऊब कपड्यांनी द्यावी, आईच्या कुशीने द्यावी, धुराने नको. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या नाकात तेल सोडतात, तेही नको. तेल फुप्फुसांत उतरले तर तिथे दाह होतो आणि न्यूमोनियासारखा आजार जडतो. बाळाला दुपट्यात गुंडाळा, पण पोटाशी करकचून बांधू नका. त्याचा श्वास पोटातच आहे, हे आत्ता पाहिलेच. आणि निजवताना पाठीवर निजवा. १९९० नंतरच्या दशकात अनेक देशांनी बाळांना पालथे न निजवता उताणे निजवण्याचा प्रचार केला, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्याहून कमी झाली. इतक्या स्वस्तात इतके जीव वाचवणारे उपाय वैद्यकात थोडेच आहेत.

आता रात्री दोन वाजता आईला घाबरवणाऱ्या त्या थांबण्याविषयी. आपल्या मेंदूत श्वासाचे केंद्र आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला यावर ते नजर ठेवते आणि त्याप्रमाणे श्वास वाढवते, कमी करते. बाळाचे हे केंद्र अजून नवशिके असते. थोडे जास्त भराभर श्वास घेऊन झाले की ते हात आखडते. मग जाणीव होते आणि पुन्हा वेग धरते. म्हणून काही श्वास भराभर, मग पाच-दहा सेकंद थांबा, मग पुन्हा भराभर, असा खेळ झोपेत चालतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत तो जास्त दिसतो आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत मावळतो. थांबा दहा सेकंदांच्या आत असेल, बाळाचा रंग गुलाबी असेल आणि श्वास आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर काळजी नको. पण थांबा वीस सेकंदांवर गेला, किंवा त्याहून कमी असूनही ओठ निळसर पडले, अंग लुळे झाले, तर तो खेळ नव्हे. तिथे विलंब नको.

पुरे दिवस न भरलेल्या बाळाचे आणखी एक दुखणे असते. फुप्फुसे म्हणजे कोट्यवधी बारीक वायुकोशांचा घोस. श्वास सोडल्यावर हे कोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आत साबणासारखा एक निसरडा पदार्थ असतो. तो गर्भात शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास म्हणजे नवा कोरा फुगा फुगवण्याइतके कष्ट. अमेरिकेतील मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली या पदार्थाचा अभाव हेच त्या बाळांच्या मृत्यूचे कारण असल्याचे दाखवले. तरी उपाय लगेच हाती आला नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. देशाच्या अध्यक्षालाही जे मिळाले नाही ते औषध, म्हणजे श्वासनलिकेतून फुप्फुसात सोडायचा तोच निसरडा पदार्थ, १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी प्रथम यशस्वीपणे देऊन दाखवला. आज तो आपल्याकडच्या नवजात विभागांतूनही मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोठा माणूस गुदमरला तर काय करतो? धडपडतो, जोरजोराने श्वास ओढतो, आरडाओरडा करतो. तान्हे बाळ तसे करीत नाही. प्राणवायू कमी पडला की ते मिनिट-दोन मिनिटे श्वास वाढवते, आणि मग त्याचा श्वास मंदावतो. ते गप्प होते. त्याच्या फुप्फुसांत शिल्लकही थोडी असते; हातावर पोट असलेल्या संसारासारखे त्याचे असते. श्वासपटलाचा स्नायूही लवकर थकतो. म्हणून आजारी बाळ एकाएकी शांत झाले, की ते बरे झाले असे समजू नये.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. खरे कळले ते एका आजीकडून. माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. गर्दीची वेळ. वीस दिवसांचे बाळ घेऊन सून आणि सासू आल्या. ताप नाही, खोकला नाही. "दूध सोडलंय, नुसतं निजतंय," एवढीच तक्रार. बाळ तीन दुपट्यांत गुंडाळलेले, शांत. मी वरवर पाहिले आणि म्हणालो, "पोट दुखत असेल. उद्यापर्यंत पाहू." सून उठली. सासू उठेना. म्हणाली, "दादा, रागं भरू नका. पर येकदा त्येचं प्वाट उघडून बघा. माझी चार लेकरं आन् सात नातवंडं झाली. ह्ये असं हालत नसतं." मी काहीशा नाखुशीनेच दुपटी सोडली. फासळ्यांच्या खाली श्वासागणिक खोल खळी पडत होती. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला ७२. न्यूमोनिया होता. बाळ वाचले. ते माझ्यामुळे वाचले असे म्हणण्याची मला सोय नाही. त्या दिवसापासून एक नियम मी कधी मोडला नाही : बाळाचे पोट उघडे केल्यावाचून आणि पुरे एक मिनिट मोजल्यावाचून 'ठीक आहे' म्हणायचे नाही.

आणि हे मोजायला डॉक्टरच लागतो असेही नाही. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दाया आणि कार्यकर्ते यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. अडचण अशी की पुष्कळ दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. तेव्हा त्यांनी एक साधे यंत्र केले : एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळ आजारी. मोजता न येणाऱ्या हातांनी निदान होऊ लागले आणि तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू पुष्कळच घटले. हा अनुभव १९९० साली जगप्रसिद्ध 'लॅन्सेट' नियतकालिकात छापून आला. घरोघरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याची जी योजना २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या चालवतात, तिची मुळेही गडचिरोलीतच आहेत. आशाताई तुमच्या दारी आल्या, की त्यांना बाळाचा श्वास अवश्य मोजू द्या.

तुम्हीही मोजा. बाळ शांत असताना, निजलेले असले तर उत्तमच, त्याचे पोट उघडे करा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका. बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून पुरे एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच आले, तर दवाखाना गाठा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५०, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४०.

आकड्याखेरीज डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही आहेत. फासळ्यांखाली खोल खळी पडणे, नाकपुड्या फुलणे, श्वास सोडताना प्रत्येक वेळी कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ-जीभ निळसर होणे, दूध सोडणे, हलवले तरी नीट जागे न होणे. यांतली एकही खूण दिसली तर मोजत बसू नका. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्या. आणि आपल्या काही भागांत अशा वेळी 'डबा झाला' म्हणून बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, ते कृपा करून देऊ नका. ज्या पोटाने ते लेकरू जिवाच्या आकांताने श्वास ओढत असते, नेमक्या त्याच पोटाला आपण दुखावतो.

श्रोतेहो, आज रात्री तुमच्या घरातले बाळ निजले की दिव्याच्या मंद उजेडात एक मिनिट त्याच्याजवळ बसा. पोटाची ती इवली लाट वर येताना आणि खाली जाताना पाहा. चाळीस भरतील, पन्नास भरतील, मधेच ती थोडी थांबेल आणि पुन्हा सुरू होईल. आपल्या बाळाची ही चाल एकदा ओळखीची झाली, की ती बिघडलेली तुम्हांला इतर कोणाच्याही आधी कळेल. मग त्या आजीसारखे वागा. समोर डॉक्टर असो की आणखी कोणी मोठा माणूस असो, पोट उघडून मोजल्याशिवाय जागचे उठू नका.